दुसऱ्याचे ओझे : प्रार्थना, प्रवास आणि पंडिता रमाबाई



मिशनच्या दौऱ्यावर निघणाऱ्या माणसांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते. ‘प्रभूने माझ्या मनावर ओझे घातले आहे.’ कुणाला डोंगरातल्या एखाद्या पाड्याचे ओझे असते, कुणाला शहरातल्या स्टेशनवर झोपणाऱ्या मुलांचे, तर कुणाला कधीही न पाहिलेल्या देशाचे. प्रार्थनासभेत हे वाक्य उच्चारले की बाकीचे ‘आमेन’ म्हणतात आणि गुडघे टेकतात. मंडळीबाहेरच्या माणसाला मात्र प्रश्न पडतो. ज्याचे नावही ठाऊक नाही, त्याच्यासाठी तुमचा जीव का तुटतो? तुटला तर तुम्ही करता काय? आणि माझे ओझे घ्या, असे त्याने तुम्हाला सांगितले होते का?

हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. प्रार्थना करणाऱ्यांनी ते टाळू नयेत, कारण त्यांच्या श्रद्धेचा कस याच प्रश्नांवर लागतो. म्हणून आजचे व्याख्यान याच क्रमाने पुढे जाईल. हे ओझे येते कुठून? ते माणसाकडून काय मागते? आणि ज्याचे ओझे वाहिले जाते, त्याला या व्यवहारात आवाज असतो की नाही? शेवटी थोडे आजच्या, आठ-दहा दिवसांच्या मिशन दौऱ्यांविषयी.

उत्तराचा गाभा सुरुवातीलाच सांगून टाकलेला बरा. दुसऱ्यासाठी केलेली प्रार्थना खरी असेल, तर बदलाची सुरुवात प्रार्थना करणाऱ्यापासूनच होते.

पहिला प्रश्न. ओझे येते कुठून?

पवित्र शास्त्रात नहेम्याची हकीकत आहे. हा यहूदी माणूस शूशन राजवाड्यात अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता. पद मानाचे, जीव सुरक्षित, पोटापाण्याची चिंता नाही. यहूदातून त्याचा भाऊबंद हनानी काही माणसांसह येतो. नहेम्या काय करतो? तो चौकशी करतो. मागे राहिलेल्या लोकांचे कसे आहे, यरुशलेमेचे कसे आहे, असे विचारतो. तट पडले आहेत, वेशी जळाल्या आहेत, हे कळल्यावर तो बसून रडतो, उपास करतो, प्रार्थना करतो. आधी विचारणे, मग अश्रू, मग प्रार्थना. हा क्रम महत्त्वाचा आहे.

त्या प्रार्थनेत तो लोकांच्या पापांची कबुली देतो, तेव्हा स्वतःला आणि आपल्या बापाच्या घराण्यालाही त्या कबुलीत धरतो. ‘ते बिघडले, त्यांना सुधार’ अशी त्याची भाषा नाही. किसलेव महिन्यापासून नीसान महिन्यापर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने हे चालले. मग राजापुढे उभे राहून त्याने रजा मागितली, वाटेतल्या सुभेदारांसाठी पत्रे मागितली, तुळयांसाठी लाकूड मागितले. यरुशलेमेत पोचल्यावर तिसऱ्या दिवसानंतर, रात्री, मोजकी माणसे बरोबर घेऊन, कुणाला काही न सांगता तो पडके तट स्वतः पाहत फिरला. पाहून झाल्यावरच लोकांशी बोलला. काम बावन्न दिवसांत पुरे झाले. त्या बावन्न दिवसांमागे चार महिन्यांची प्रार्थना होती आणि एका रात्रीची पाहणी होती, हे विसरता येत नाही.

आता इंग्लंडकडे वळू. १७८४ साली नॉर्थँप्टन परगण्यातल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांनी ठरवले की दर महिन्याला एक संध्याकाळ केवळ प्रार्थनेसाठी ठेवायची आणि त्या प्रार्थनेत फक्त आपल्या मंडळीचे मागणे न मागता जगभर सुवार्ता पोचावी म्हणून विनवायचे. त्याच परगण्यात विल्यम केरी नावाचा जोडे शिवणारा पाळक होता. त्याने कागदाचे ताव एकमेकांना चिकटवून जगाचा नकाशा केला आणि कामाच्या जागी भिंतीवर लावला. ज्या देशाची जी माहिती हाती येई, लोकसंख्या, धर्म, चालीरीती, ती तो त्या नकाशावर टिपून ठेवी. १७९२ साली त्याने छापलेल्या पुस्तकात देशोदेशीच्या लोकसंख्येचे तक्ते आहेत. प्रार्थनेच्या माणसाने तक्ते का करावेत? कारण ज्याच्याविषयी काहीच ठाऊक नाही, त्याच्यासाठी फार काळ प्रार्थना करता येत नाही. काही दिवसांत शब्द संपतात आणि मग त्याच त्या वाक्यांची आवर्तने सुरू होतात.

केरी १७९३ साली बंगालमध्ये आला तो परतला नाही. मराठी वाचकांचे त्याच्याशी थेट नाते आहे. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्याने तयार केलेले मराठीचे व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरहून निघाले.

दुसरा प्रश्न. हे ओझे माणसाकडून काय मागते?

ऑगस्ट १८०६. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात विल्यम्सटाउन येथे पाच विद्यार्थी मोकळ्या रानात प्रार्थनेसाठी जमले होते. वादळ आले, विजा कडाडू लागल्या, तेव्हा त्यांनी गवताच्या गंजीचा आडोसा घेतला. त्यांच्यातला सॅम्युएल मिल्स आशिया खंडाविषयी बोलत होता. तिथल्या लोकांसाठी त्यांनी प्रार्थना केली. एवढीच घटना. तिच्यातून १८१० साली अमेरिकन बोर्ड ही परदेशी मिशनची संस्था उभी राहिली, आणि त्या बोर्डाचे दोन तरुण, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबई बंदरात उतरले. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ हा असा आहे.

त्या पाच जणांचे पुढे काय झाले? मिल्स हिंदुस्थानात कधीच आला नाही. आफ्रिकेच्या किनाऱ्याची पाहणी करून परतताना १८१८ साली समुद्रावरच त्याचा अंत झाला. जेम्स रिचर्ड्स सिलोनात गेला आणि तिथेच वारला. बाकीचे मायदेशीच राहिले. म्हणजे ज्यांनी आशियासाठी प्रार्थना केली त्यांतला एकच आशियात पोचला, आणि मुंबईत जे पोचले ते त्या गंजीखाली नव्हतेच. एकाने प्रार्थना करावी, दुसऱ्याने निघावे, तिसऱ्याने पैसे उभे करावेत, चौथ्याने भाषा शिकावी. हे ओझे असे हातोहात जाते. एकट्याच्या मालकीचे ते कधीच नसते.

हॉल आणि नॉट यांना मुंबई सरकारने परत जाण्याचा हुकूम दिला. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना त्यांनी विनवणीची पत्रे लिहिली आणि अखेर राहण्याची परवानगी मिळवली. हॉल मराठी शिकला, नव्या कराराच्या भाषांतरात रमला, गावोगाव फिरला. १८२६ च्या मार्च महिन्यात तो नाशिककडे गेला. तिथे पटकी पसरली होती. जवळची औषधे त्याने रोग्यांना वाटली. परतीच्या वाटेवर त्याला स्वतःलाच पटकीने गाठले आणि एका देवळाच्या आश्रयाला त्याने प्राण सोडला. ज्या देवळांच्या विरोधात तो बोलत आला, त्यांतल्याच एकाने त्याला शेवटची सावली दिली. ही गोष्ट मिशनच्या इतिहासात आदराने नोंदवली गेली पाहिजे.

पुढच्याच वर्षी, १८२७ मध्ये, याच मिशनमार्फत सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका मुंबईत आली आणि पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवू लागली. त्या शाळा जोतीराव फुले यांनी पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. गंजीखाली बसलेल्या पाच तरुणांना जोतीराव कुठून ठाऊक असणार? त्यांनी मागितले होते एक, आणि पदरात पडले त्याहून वेगळे, अधिक विस्तीर्ण असे काही. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. ते आपल्या वाटेने गेले, आपल्या बुद्धीने बोलले. प्रार्थनेचे फळ कुणाच्या अंगणात पडेल, याचा ताबा प्रार्थना करणाऱ्याकडे नसतो. ज्याला हे सोसत नाही, त्याने दुसऱ्याचे ओझे उचलूच नये.

आणि आता, श्रोतेहो, या व्याख्यानाच्या केंद्रस्थानी असलेल्या व्यक्तीकडे येऊ. पंडिता रमाबाई.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तेव्हा पुण्यात विधवा मुलींसाठी शारदा सदन ही निवासी शाळा चालवत होत्या. त्यांच्या कामाला अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षांचे अभिवचन दिले होते आणि ती मुदत संपत आली होती. नव्या मुली ठेवायला जागा नाही, पैसा नाही. जाऊ नये याची सगळी कारणे हाताशी होती. तरी त्या गेल्या. का गेल्या?

त्यांनी स्वतः दुष्काळ भोगला होता. १८७४ साली वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण अशी तीन माणसे त्यांनी उपासमारीत गमावली होती. भावाबरोबर हजारो मैल पायी तुडवले होते. मध्य प्रांतातल्या बातम्या वाचताना त्यांना परकी माणसे दिसत नव्हती. त्यांना आपले घर दिसत होते. रमाबाईंचे ओझे आठवणीतून आले होते, आणि आठवणीतून आलेल्या ओझ्याला कीव शिवत नाही.

तिथल्या अन्नछत्रांत आणि छावण्यांत त्या फिरल्या. एकट्या पडलेल्या मुलींवर डोळा ठेवून बसलेली माणसे त्यांनी पाहिली. सुमारे ३०० मुली त्यांनी सोडवून आणल्या. पुण्यात प्लेगचे दिवस होते आणि इतक्या मुली शहरात ठेवण्याची सोय नव्हती. मग दौंडजवळ केडगावला घेऊन ठेवलेल्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. त्यातून मुक्ती सदन झाले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी मुली आल्या आणि ही वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विहिरी, माग, तेलघाणा, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल. प्रार्थनेला जोडून हे सारे होते.

त्याच काळात आणखी एक गोष्ट घडली. पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात आपल्या मुलींना कशी वागणूक मिळाली, याविषयी रमाबाईंनी १८९७ साली ‘बॉम्बे गार्डियन’ मध्ये जळजळीत पत्र लिहिले. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले. पण रमाबाई बोलायच्या थांबल्या नाहीत. गुडघ्यांवर बसणारी बाई सत्तेपुढे ताठ उभी राहू शकते का? रमाबाई राहिल्या. ज्या मुलीसाठी रात्री देवाकडे रडायचे, तिच्यासाठी सकाळी सरकारशी भांडायचे, यात त्यांना काही विसंगत वाटले नाही.

१९०५ चे संजीवन, म्हणजे आत्मिक जागृतीची लाट, याच केडगावचे. रमाबाईंची मुलगी मनोरमा आणि त्यांच्या सहकारी मिनी एब्रम्स ऑस्ट्रेलियाला जाऊन आल्या होत्या आणि तिथल्या प्रार्थनागटांची हकीकत त्यांनी आणली होती. वेल्समधल्या संजीवनाच्या बातम्याही येत होत्या. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुलींना विचारले की रोज सकाळी प्रार्थनेला कोण येईल? सत्तरेक मुली पुढे आल्या. होता होता संख्या साडेपाचशेवर गेली. जून महिन्याच्या अखेरीस प्रार्थनागृहात असे काही उसळले की मुली तासन्‌तास रडत, पापे कबूल करत, गात राहिल्या. मग त्यांची पथके झाली आणि ती आसपासच्या खेड्यांत जाऊ लागली.

बाहेरच्या लेखकांनी या घटनेतल्या उमाळ्याविषयी पुष्कळ लिहिले. पण प्रार्थना करत होते कोण, इकडे थोडे पाहा. काही वर्षांपूर्वी ज्यांना छावणीतून उचलून आणले होते त्या मुली! ज्यांचे ओझे दुसरे वाहत होते, त्या आता दुसऱ्यांचे ओझे वाहत होत्या. उपकार घेणारीने मध्यस्थीची प्रार्थना करावी, खेड्याचे नाव घेऊन देवापुढे उभे राहावे, याहून मोठा पालट कोणता? मिनी एब्रम्स यांनी १९०६ साली या संजीवनावर लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेत चिलीच्या वालपरायसो बंदरातल्या विलिस हूवर या मेथोडिस्ट पाळकाच्या घरी पोचली आणि १९०९ मध्ये तिथे सुरू झालेल्या पेंटेकोस्टल चळवळीला तिने चेतना दिली. दुष्काळातल्या मराठी मुलुखाकडून चिलीला मिळालेले हे देणे आहे.

आता तिसरा प्रश्न, सर्वांत अवघड. ज्याचे ओझे वाहायचे, त्याचे काय?

इथेही साक्ष रमाबाईंचीच. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला वाँटेज इथल्या भगिनींच्या मठात गेल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्या प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत. जेराल्डिन यांनी रमाबाईंचे ओझे मनापासून वाहिले, त्यांच्यासाठी प्रार्थना केल्या, त्यांच्या मुलीला सांभाळले. आणि तरीही दोघींमध्ये तेढ आली. रमाबाई पुढे चेल्टनहॅमला शिकवत असत; तिथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला तेव्हा बिशपांनी हरकत घेतली आणि रमाबाईंनी ती मान्य करावी अशी अपेक्षा होती. रमाबाईंनी मानली नाही. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. शास्त्राचा अर्थ आपल्या विवेकाने लावण्याचा हक्क त्यांनी सोडला नाही. दोघींनी एकमेकींना लिहिलेली पत्रे १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. आजही ती वाचताना अंगावर काटा येतो. एक स्त्री प्रेमाने ओझे वाहते आहे, आणि दुसरी तितक्याच प्रेमाने सांगते आहे की मला माझ्या पायांवर चालू द्या.

वाटेवर कुणाच्या डोक्यावरच्या मोळीला हात लावायचा, तर आधी ‘थांबा, हात देतो’ असे म्हणावे लागते. न विचारता मोळी ओढली तर तोल जातो, आणि तोल जातो तो मोळी वाहणाऱ्याचा. जेराल्डिन यांच्या मायेत खोट नव्हती. विचारणे राहून गेले होते.

मग रमाबाईंनी स्वतः हा धडा पाळला का? प्रश्न टोचणारा आहे, पण टाळता येत नाही. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत सक्ती करायची नाही असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, आणि काही विधवा मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये यावरून पुण्यात वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे होते की मी कुणाला बोलावत नाही, आणि येणारीला घालवूनही देणार नाही. या म्हणण्यात तेज आहे. पण विरोधकांच्या शंकेतही वजन होते. जिला आसरा, अन्न, विद्या एकाच हातून मिळते, त्या कोवळ्या मुलीची निवड कितपत मोकळी असते? रमाबाईंविषयी पूर्ण आदर बाळगूनही हा प्रश्न विचारता येतो. तो विचारलाच पाहिजे. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य प्रत्येकाला दिले आहे. ते देणाऱ्याला आहे तसेच घेणाऱ्यालाही आहे.

आता आजच्या दौऱ्यांकडे.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मिशनची तऱ्हा पालटली. आयुष्यभरासाठी निघणाऱ्यांबरोबरच सुट्टीपुरते निघणारे तरुण दिसू लागले. जॉर्ज वेर्वर हे त्यातले ठळक नाव. न्यू जर्सीतल्या शाळेत शिकत असताना त्यांच्या शेजारातल्या डोरोथिया क्लॅप या गृहिणीने त्यांना योहानाचे शुभवर्तमान पाठवले. त्या शाळेतल्या मुलांसाठी ही बाई वर्षानुवर्षे प्रार्थना करत होती. १९५७ मध्ये वेर्वर दोन मित्रांसह पुस्तके घेऊन मेक्सिकोला गेले. त्यातून ऑपरेशन मोबिलायझेशन उभे राहिले. त्याचे तरुण ट्रकमधून भारतभर फिरले आणि १९७१ मध्ये त्याचे ‘लोगोस’ हे पुस्तकांचे जहाज भारताच्या बंदरांना लागले. नकाशे पसरून रात्रभर प्रार्थना करण्याची त्यांची रीत होती. केरीच्या भिंतीवरच्या नकाशाशी तिचे नाते उघड आहे. आणि डोरोथिया क्लॅप? त्या आपल्या घरातूनच हे ओझे वाहत राहिल्या. प्रवास न करताही ओझे वाहता येते, हे त्या बाईने दाखवले. प्रवास करूनही ते न वाहणे शक्य आहे, हे अनेक दौऱ्यांनी दाखवले आहे.

आठ दिवसांचा दौरा वाईट असतो का? मुळीच नाही. आठ दिवसांत माणसाचे डोळे उघडू शकतात. पण त्या आठ दिवसांतला उमाळा हीच सेवा झाली असे वाटू लागले की घोटाळा होतो. डोळे भरून येतात, गाणी होतात, फोटो निघतात, निरोपाच्या वेळी सगळे एकमेकांच्या गळ्यात पडतात. आणि घरी परतल्यावर महिन्याभरात त्या गावाचे नाव प्रार्थनेच्या वहीतून गळते. गावकऱ्यांना हे कळत नाही असे कुणी समजू नये. त्यांना पुरते कळते.

म्हणून तरुण संघांच्या पुढाऱ्यांना काही विनंत्या कराव्याशा वाटतात. निघण्याआधी नहेम्यासारखी चौकशी करा. गावात पाणी कुठून येते, शाळेत शिक्षक आहे का, माणसे ऊसतोडीला कधी जातात, तिथल्या मंडळीचा पाळक कोण आणि तो कशाने थकला आहे, हे ठाऊक असू द्या. पोचल्यावर पहिले दिवस बोलण्यापेक्षा ऐकण्यात घालवा. प्रार्थनेचे विषय गावकऱ्यांना विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. अन्न किंवा औषध देताना त्या बदल्यात कुणाच्या श्रद्धेला हात घालू नका. नाही म्हणणाऱ्याशी तितक्याच आपुलकीने बोला. तुमच्यासाठी प्रार्थना करायला त्यांना सांगा, कारण केडगावच्या मुली उभ्या राहिल्या त्या इतरांसाठी प्रार्थना करू लागल्यावर. आणि परत आल्यावर वर्षभर पत्र, फोन, भेट, जे जमेल ते चालू ठेवा. जिथे पुन्हा जायचे नाही, तिथे पहिल्यांदा का जायचे, याचे उत्तर निघण्यापूर्वी एकमेकांना द्या.

या व्याख्यानमालेच्या आयोजकांनाही एक विनंती. आज इथे प्रार्थना करणाऱ्यांच्या बाजूने बोलणे झाले. ज्या गावांत आपल्या मंडळ्यांचे संघ दरवर्षी जातात, तिथल्या कुणाला, शक्य तर एखाद्या बाईला, पुढच्या वर्षी या व्यासपीठावर बोलवा. तिच्यासाठी ज्या प्रार्थना झाल्या, त्यांतल्या कोणत्या तिला हव्या होत्या आणि कोणत्या नको होत्या, हे तिने सांगावे, आणि आपण सर्वांनी समोरच्या या खुर्च्यांवर बसून ते शेवटपर्यंत ऐकावे.